एका माणसाची मैफल

नाझरजींनी मला आयुष्यात ऐकवलेलं पहिलं वाक्य असं होतं: "वैनी, उठा. तुमी चुकीच्या जागी बसल्या."

बसले होते मी माझ्या स्वतःच्या ओट्यावर. लग्न होऊन अमरावतीला आले त्याला आठवडाही झाला नव्हता. मांडीवर सूप, सुपात तांदूळ, आणि समोर गल्लीत धोतराचा सोगा हातात धरून उभे असलेले एक उंच, वाळके, चष्मेवाले गृहस्थ. ओळख ना पाळख. मी म्हटलं, "काहून हो? ओटा तुमचा हाये का?"

"ओटा तुमचाच हाये. पण तिथी बसलं की ऊन डोयात येते. मंग तुमी तोंड वाकडं करता. मंग जाणाऱ्यायेणाऱ्याले वाटते, डॉक्टरनं कजाग बायको आणली."

आतून आवाज आला, "ते तं खरंच हाये." हा आवाज डॉक्टरांचा. डॉक्टर म्हणजे आमचे हे. दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत, त्यामुळे गल्लीतलं एकही वाक्य त्यांच्या कानातून सुटायचं नाही आणि एकाही वाक्यावर त्यांना गप्प बसवायचं नाही.

मी दातओठ खात हातभर सरकले. डोळ्यांतलं ऊन गेलं. वर गार वाराही लागायला लागला. मला जास्त राग त्याचाच आला.

नाझरजींचं खरं नाव बळवंतराव. कोर्टात नाझर होते, म्हणजे समन्सं आणि जप्त्यांचा कारभार त्यांच्याकडे. नोकरी संपली, नाव चिकटून राहिलं. आमच्या दाराला दार लागून, म्हणजे मधे फक्त गल्ली, त्यांचं घर. घरात ते एकटे. लग्न केलं नव्हतं. केलं नव्हतं म्हणजे होता होता राहिलं, आणि त्याचं कारणही हेच बसण्याचं वेड. तरुणपणी मुलगी पाहायला गेले. सगळे मांडून बसलेले, मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली, आणि नवरदेव उठून मुलीच्या मामांना म्हणाले, "मामाजी, तुमी जरा त्या कोपऱ्यात बसा. तुमच्या डोक्यानं उजेड अडून राहिला." मामाजी रागानं उठून कोपऱ्यात बसले, पण ते घराबाहेरच्या. सोयरीक तिथंच मोडली. नाझरजी ही गोष्ट स्वतःच सांगायचे आणि शेवटी न चुकता म्हणायचे, "पण उजेड आला होता हो, वैनी. मुलीचं तोंड साफ दिसलं."

तर असे हे नाझरजी आमच्या गायन मंडळाचे चिटणीस होते. त्यांना गाता येत नव्हतं, वाजवता येत नव्हतं, आणि कुठला राग चालला आहे हे विचारलं तर ते शेजारच्याकडे बोट दाखवायचे. त्यांची कला एकच. ऐकणारी माणसं बसवणं. बैठकीच्या दिवशी सतरंज्या पडल्या की ते दारात उभे राहायचे आणि येणाऱ्याला दंडाला धरून जागेवर नेऊन सोडायचे. मान डोलावणारे पुढे. खोकणारे दाराशी, आणि त्यांच्या हातात खडीसाखरेचा खडा. एकमेकांविरुद्ध खटले लढणारे दोन वकील एका ओळीत कधीच नाहीत, कारण "एकानं वाहवा केली का दुसरा मुद्दाम तोंड पाडते." झोपणाऱ्यांसाठी खांब राखलेले होते. आमचे वकील दाणी म्हणजे रेल्वेत जागा राखावी तसे ठराविक खांबाचे मालक.

"गाणारा कोणीबी असो," नाझरजींचा सिद्धान्त. "समोर माणसं बरोबर बसली पायजे. मंग गाणं आपोआप उतरते. पाहाच तुमी!"

'आपोआप' आणि 'पाहाच तुमी' ही त्यांची दोन पालुपदं. आपोआप होणाऱ्या प्रत्येक गोष्टीमागे हा माणूस दुपारपासून घाम गाळत असे, ते वेगळं. आम्हा बायकांची जागा बाजूच्या खोलीत, बांबूच्या काड्यांच्या चिकाच्या पडद्यामागे. पण बैठकीच्या आधी हे गृहस्थ स्वतः त्या चिकामागे जाऊन बसायचे आणि दिवाणखान्यात कुणालातरी मोठ्यानं बोलायला लावायचे. एकदा मी तिथं डबे नेऊन ठेवत होते, तर अंधारातून आवाज आला, "वैनी, इथी सूर येते पण शब्द येत नाई. बायकायनं काय नुसता सूर न्याचा का घरी?" आणि लगेच सुतार बोलावून चिक पुढे सरकवून घेतला. मंडळातल्या बाकीच्या पुरुषांना आम्ही मागं आहोत हे बैठक संपून जोडे शोधताना आठवायचं.

वर्षाची मोठी बैठक श्रावणात व्हायची आणि तिला गायला अकोल्याचे जब्बारमियाँ यायचे. बाहेरच्या जगाला त्यांचं नाव माहीत नव्हतं आणि त्यांना बाहेरच्या जगाची गरज नव्हती. मुलांचं बांगड्यांचं दुकान, आणि हे आपले तंबुऱ्यापाशी. माझं माहेर अकोल्याचं, त्यांच्याच गल्लीतलं, म्हणून मी त्यांना लहानपणापासून जब्बारचाचा म्हणते. चाचा यायचे ते नाझरजींच्याच घरी उतरायचे. पहिल्या वर्षी गल्लीत जरा कुजबुज झाली. नाझरजींनी कुजबुजणाऱ्यांनाच जेवायला बोलावलं आणि त्यांना चाचांच्या दोन बाजूंना बसवलं. पुढच्या वर्षीपासून कुजबुज आपोआप थांबली.

आणि मग सत्तावन्न साली तो फ्लू आला.

साथ म्हणजे काय ते मी डॉक्टरांची बायको म्हणून पाहिलं. घरटी माणूस निजलेला. ओट्यावर, पायऱ्यांवर, थेट गल्लीच्या वळणापर्यंत घोंगड्या पांघरून बसलेली माणसं. डॉक्टर जेवायचे ते उभ्यानं, आणि बोलायचे ते ओरडून. शाळा बंद, सिनेमा बंद, सभा बंद. दवंडी पिटली गेली, गर्दी करू नका. श्रावणातली बैठक बंद हे कुणी वेगळं सांगायची गरजच नव्हती.

वकील दाणी मात्र खुशीत होते. त्यांनी नुकताच नवा रेडिओ घेतला होता. आमच्या ओट्यावर उभं राहून, नाकाला रुमाल लावून त्यांनी जाहीर केलं, "बैठकीचा जमाना गेला म्हणा आता. बटन फिरवलं की गाणं. ना खोकला, ना ताप, ना सतरंजीचे ढेकूण. ही साथ जाईन हो, पण लोक पुन्हा काई मांडीले मांडी लावून बसत नाई."

नाझरजींचा चेहरा पाहवेना. ते म्हणाले, "वकीलसाहेब, तुमी रेडिओले दिसता का?"

"नाही बुवा."

"मंग तो कोणासाठी गाते?"

दाणींनी रुमाल नाकावर आणखी दाबला. वकिलाला उत्तर सुचलं नाही हे आम्हा सगळ्यांना आवडलं, पण नाझरजींना नाही. ते तसेच आत दवाखान्यात घुसले. आत तापाच्या माणसांची रांग, डॉक्टरांच्या हातात सुई, आणि हे विचारताहेत, "डॉक्टर, माणसं पुन्हा बसतीन का हो?"

"नाझरजी, सरका!"

"पन्नास नाई, वीस माणसं बसवली तं? दारं उघडी ठेवू."

"नाई!"

"दहा?"

डॉक्टर भडकले. आमच्या घरात भडकण्याचं खातं तसं माझ्याकडे आहे, पण त्या दिवशी त्यांनी मला मागं टाकलं. "एक!" ते ओरडले. "एका वेळी एक माणूस बसवा! उघड्यावर, गाणाऱ्यापासून दहा हात दूर! मंग माझी काई हरकत नाई! झालं समाधान?"

कुणीही शहाणा माणूस यावरून काय समजायचं ते समजला असता. नाझरजींनी हात जोडले. "डॉक्टर, तुमच्या तोंडात साखर पडो," म्हणाले आणि चाचांना आणायला म्हणून घरी जाऊन पिशवी भरायला लागले.

माझ्या आईला ताप येऊन गेला होता म्हणून मला अकोल्याला जायचंच होतं. डॉक्टर म्हणाले, "नाझरजी चालले, त्यायच्याच सोबत जा." सोबत म्हणजे काय ते बडनेऱ्याला गाडी बदलल्यावर कळलं. डब्यात पाऊल टाकल्याबरोबर त्यांनी शिंकणाऱ्याला खिडकीशी नेलं, तान्ह्या पोराच्या आईला दुसऱ्या टोकाला, आणि एका फौजदाराला उठवून तिथं एक म्हातारी बसवली. मूर्तिजापूर यायच्या आत सगळा डबा नव्यानं मांडून झाला होता. फौजदार उभाच होता आणि का उभा आहे ते त्याला कळत नव्हतं.

अकोल्याला आईला पाहिलं, आणि गल्लीच्या टोकाला चाचांकडे गेलो. चाचा बाजेवर पडलेले. ताप उतरला होता, पण माणूसही उतरला होता. गालांची हाडं दिसायला लागलेली, दाढी वाढलेली. तंबुरा खुंटीवर गवसणी घालून टांगलेला.

"अब बस, नाझरसाब," ते म्हणाले. "बुखार गया, उसके साथ जी भी गया. इस साल बैठक नहीं, तो समझो आगे भी नहीं. तंबुरा भतीजे को दे डालता हूँ. यहाँ टँगा रहता है तो आँख में चुभता है."

चाची दाराआड उभ्या होत्या. मला खुणेनं आत बोलावून म्हणाल्या, "बेटी, दो निवाले खाते नहीं. किसीसे बात नहीं करते. गाना छूटा ना, तो ये आदमी गया समझो." आणि पदर डोळ्याला लावला. मला वाटलं होतं आपण एका सणकी माणसाच्या नादी लागून गंमत पाहायला आलो आहोत. इथं तर चाचांच्या जिवाचाच प्रश्न होता.

बाहेर नाझरजी म्हणत होते, "घरी गाता काहून नाई तुमी?"

"किसके सामने गाऊँ? दीवार के सामने? दीवार को देखके गाना नहीं आता जी, खाँसी आती है."

"मंग मी माणूस देतो ना! एक."

"एक?" चाचा उठून बसले ते रागानं. "एक आदमी के लिए अमरावती आऊँ? मजाक करते क्या?"

"मियाँ, आयका माझं. आजवर तुमी गर्दीले गाऊन राहिले. गर्दीत कोणी झोपते, कोणी पान लावते, कोणी बाजूच्याले भाव इचारते. मीच बसवतो, मले ठावं हाये. एका माणसाले समोर बसवून, त्याच्या डोयात पाहून, पोटभर आयकवलं का हो तुमी कधी?"

चाचा दाढी खाजवत राहिले. दुकानातून मुलगा डोकावून गेला. मग चाचांनी मान वर केली आणि विचारलं, "पहले किसको बिठाओगे?"

मी चाचींकडे पाहिलं. त्यांनी तोवर चुलीवर चहाचं आधण ठेवलंही होतं.

तर अशी सुरू झाली ती एका माणसाची मैफल. नाझरजींच्या घरामागे अंगण होतं, अंगणात विहीर आणि सीताफळाचं झाड. मागच्या ओसरीवर चाचा तंबुरा घेऊन बसणार, ऐकणारा झाडाखाली पाटावर. डॉक्टर स्वतः येऊन हातानं अंतर मोजून गेले. आपण रागात बोललेलं कुणी औषधासारखं घेतं हे पाहून ते जरा वरमले होते, आणि थोडे खूशही होते. आधीचा माणूस निघून गेल्याशिवाय पुढच्यानं आत जायचं नाही. पाळीची माणसं गल्लीत लांबलांब उभी, आणि नाझरजी आमच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून नाव पुकारणार. कोर्टात पुकारा करतात तसं, "वकील दाणी हाजीर हो!"

एक अडचण होती. मंडळाचा तबलजी तापानं निजला होता. नाझरजी म्हणाले, "मंग ताल आयकणाऱ्यानं धराचा. फुकटात आयकता, हाताले काम नको?"

पहिली पाळी मुद्दाम दाणींना दिली. दाणी आत गेले ते हसत. बाहेर आले तेव्हा कोटाच्या काखा भिजलेल्या. "अहो, तो माझ्याकडेच पाहून गाते!"

"मंग कोणाकडे पाहीन? तिथी कोणी दुसरं हाये का?"

"टेकाले खांब नाई, हातानं ताल धराचा, आणि डोया मिटला का तो थांबते! कोर्टात उलटतपासणी बरी हो!" असं म्हणून दाणी तावातावानं घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रांगेत. नाझरजींनी भुवया उंच केल्या. दाणी पुटपुटले, "काल रात्री रेडिओ लावला. चांगलं गाऊन राहिला होता. पण त्याले आपली काई पडलीच नाई, असं वाटाले लागलं."

दुसरी पाळी धामणगावचे हरकचंदजी. कापसाचे मोठे व्यापारी, मंडळाला सतरंज्या त्यांनीच दिलेल्या. बैठकीत सगळ्यांत मोठी वाहवा त्यांची. पण ती ते शेजारच्याचं तोंड पाहून करायचे, शेजारच्याची सुटली की यांची दुप्पट सुटायची. झाडाखाली शेजारी कुणी नव्हतं. बिचारे सगळा ख्याल संपेपर्यंत तोंड उघडून बसले आणि एक शब्द निघेना. शेवटी चाचांनीच विचारलं, "सेठजी, पसंद नहीं आया?"

हरकचंदजींनी हात जोडले. "खाँसाहेब, खरं सांगू? मले गाण्यातलं काईच समजत नाई."

"तो फिर इतने साल वाहवा किसकी करते थे?"

"बाजूच्याची."

चाचा इतके हसले, इतके हसले की तंबुरा खाली ठेवावा लागला. आजारानंतर पहिल्यांदा हसले ते तेव्हा. मग म्हणाले, "बैठो सेठजी. आज आप चुप रहो. जब अपने आप निकले, तब वाह बोलना." हरकचंदजी बसले. वाहवा कधी निघाली, निघाली की नाही, देव जाणे, पण गाडी चुकवून ते संध्याकाळपर्यंत धामणगावला गेले नव्हते.

कुणीतरी तक्रार केली म्हणून एकदा नगरपालिकेचा माणूस आला. नाझरजी त्याला घेऊन मागच्या दारापर्यंत गेले. "मोजा. गाणारा एक, आयकणारा एक. आता याले गर्दी म्हणत असान तं नवराबायकोलेबी बंदी करा." तो माणूस दारात थोडा वेळ उभा राहिला, आणि जाताना हळूच विचारून गेला, "सुट्टीच्या दिवशी पाळी भेटीन का?"

माझी पाळी आली तेव्हा मात्र गल्लीत तोंडं फिरली. बाईमाणूस एकटं, समोर बसून? नाझरजी बाकावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काहून? बाईमाणसाले कान नसते का? वैनी, चला, हाजीर हो!"

मी आत गेले. पाटावर बसले. इतकी वर्षं मी चाचांचं गाणं ऐकत होते, पण ते लहानपणी भिंतीपलीकडून आणि इथं चिकाच्या काड्यांमधून. चाचांची पाठ, कधी हात, कधी टोपी. गाताना त्यांचा चेहरा कसा होतो हे मला ठाऊकच नव्हतं. स्वर लावायच्या आधी ते लहान मुलासारखे घाबरतात. एखादी जागा मनासारखी आली की आधी स्वतःच चकित होतात. ते माझ्याकडे पाहून गात होते आणि मी हातानं ताल धरला होता. मधेच माझा ताल चुकला, तर त्यांनी भुवईनं तो सावरून दिला. मला रडूच आलं. सासरमाहेरात माझ्यासाठी म्हणून, मला एकटीला, कुणी एवढं काही दिलं नव्हतं. बाहेर आले तर नाझरजी बाकावरून उठून पुढे आलेले. "कसं झालं? सांगा, सांगा!" मी म्हटलं, "आता नाई सांगता येत." ते इतके खूश झाले की गल्लीत एक गिरकी मारली.

असं सगळ्यांनाच विचारायचे ते. आतून आलेल्या प्रत्येकाला बाकापासून दहा हातांवर उभं करायचे आणि खोदून खोदून ऐकायचे. आठवडाभर हेच. इकडे चाचांचा आवाज उघडत गेला. माझ्या हातची बेसनाच्या पातोडीची भाजी ते दोनदा मागून घ्यायला लागले. तंबुरा पुतण्याला द्यायची भाषा तर हवेत विरली. उलट, "अगले साल बैठक में ये बंदिश गाऊँगा," असं पुढच्या वर्षाचं बोलायला लागले. साथही ओसरत आली होती. डॉक्टर बसून जेवायला लागले आणि आमची भांडणं पूर्वीसारखी सुरू झाली.

शेवटच्या दिवशी दुपारच्या गाडीनं चाचा निघणार होते. सगळ्यांच्या पाळ्या झाल्या होत्या. मी नाझरजींच्या स्वयंपाकघरात चाचांच्या वाटेसाठी दशम्या करत होते. खिडकी मागच्या अंगणावर उघडते. चाचा ओसरीवर बसलेले, तंबुरा अजून गवसणीबाहेर. त्यांनी हाक मारली, "नाझरसाब! अब आपकी बारी."

"माझी राहू द्या मियाँ. टांगा सांगाचा हाये."

"टाँगा दरवाजेपे खड़ा है."

"मंग तुमचं सामान..."

"सामान बँधा हुआ है. बैठिए."

मी खिडकीतून म्हटलं, "बसा ना हो! साऱ्या अमरावतीले बसवलं, तुमाले काय कोणी ओवाळून बसवाचं हाये?"

ते गेले झाडाखाली. बसले. चाचांनी डोळे मिटले, तंबुरा छेडला आणि भैरवी धरली. मी लाटणं खाली ठेवलं. असा स्वर त्या आठवड्यात मी ऐकला नव्हता. चाचांना नाझरजींचे आभार मानायचे होते, दुसरं काही नाही. आणि नाझरजी पाटावर आधी नुसते बसले होते, मग हलायला लागले. उजवीकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, लावला. आणि एकदम उभे राहिले.

"थांबा मियाँ. मले नाई जमत."

तंबुरा थांबला. "क्या हुआ? तबीयत?"

"तब्येत चांगली हाये." नाझरजी विहिरीच्या काठाकडे पाहत बोलत होते. "मी एकट्यानं आयकाले नाई बसू शकत. रागावू नका. एकट्यानं आयकाचं तं घरात काय कमी हाये? घड्याळ आयकतो. पाल चुकचुकते, ते आयकतो. समोर डॉक्टर आणि वैनी भांडतात, ते आयकतो. सारंच एकट्यानं आयकतो मी, मियाँ. गाणं तेवढं चारचौघात आयकत होतो. तेवढं तं राहू द्या."

चाचांनी तंबुरा खाली ठेवला. चुलीवरची दशमी करपली, तिचा वास आला तेव्हा मी भानावर आले. हात पुसले, मागचं दार उघडलं आणि उंबऱ्यात बसले. डॉक्टरांचा नियम मोडला. मोडला तर मोडला.

तेवढ्यात चाचांना निरोप द्यायला डॉक्टर अंगणात आले. मला पाहिलं, नाझरजींना पाहिलं. माझा चेहरा पाहून त्यांनी काही विचारलं नाही. "हवा खेळती हाये इथी," एवढंच म्हणाले आणि जाऊन विहिरीच्या काठावर बसले. त्यांच्यामागून दाणी आले, ते भिंतीशी. हरकचंदजी धामणगावहून निरोपाला आले होते, ते दारातच उभे राहिले. टांगेवालाही आत आला. कुणी कुणाजवळ नव्हतं, सगळे लांबलांब, पण होते.

नाझरजी हळूच खाली बसले.

चाचांनी भैरवी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. या वेळी नाझरजी इकडेतिकडे पाहत होते ते शोधत नव्हते. एकेकाच्या चेहऱ्यावर थांबत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायचंही त्यांना सुचलं नाही. गाडी अर्थातच गेली. चाचा दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं अकोल्याला गेले, तंबुरा मांडीवर घेऊन.

त्याच दिवशी संध्याकाळी दिवे लागले तेव्हा माझं आणि डॉक्टरांचं कडाक्याचं वाजलं होतं. कशावरून ते आता आठवत नाही, बहुतेक माझंच बरोबर असणार. पानं मांडलेली तशीच होती आणि आवाज चढत होते. पाहते तर दारात नाझरजी. चपला काढून, हात बांधून उभे.

मी वैतागून म्हटलं, "काय हो? काय पायजे?"

"काई नाई," ते म्हणाले. "तुमी भांडून राहिल्या ना, ते तिकडे आयकू येऊन राहिलं होतं. म्हटलं, इथीच येऊन आयकावं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी आत गेले, तिसरं ताट घेऊन आले, मधे मांडलं आणि भांडण जिथं थांबलं होतं तिथून पुढे सुरू केलं.